रविवारी कोफ्ते, बुधवारी जेवण: फ्रीझरचं पॉझ बटण नीट कसं वापरायचं?

संध्याकाळी ऐरोली किंवा महापेच्या ऑफिसमधून निघायचं, ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीतून कोपरखैरणे नाहीतर नेरुळला पोचायचं आणि मग ओट्यापाशी उभं राहून कांदा चिरायला घ्यायचा. बरेच जण इथेच हात टेकतात आणि जेवण मागवायचं ॲप उघडतात. यावर एक जुनाच उपाय आहे. रविवारी एकदाच खिम्याचे कोफ्ते करून फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि बुधवारी, शुक्रवारी फक्त रस्सा करून त्यात सोडायचे.

पण "ठेवलं फ्रीझरमध्ये, झालं काम" असं नसतं. कधी कोफ्ते रश्श्यात फुटतात, कधी चोथ्यासारखे लागतात, कधी पोट बिघडतं. या तिन्हीची कारणं साध्या विज्ञानात आहेत. ती एकदा समजली की पाककृती कोणतीही वापरा, चालेल.

फ्रीझर नक्की काय करतो?

फ्रीझर जंतू मारत नाही, त्यांना फक्त थांबवतो. उणे 18 अंश सेल्सिअसला जंतूंची वाढ थांबते, पण ते जिवंत राहू शकतात. बाहेर काढून पदार्थ कोमट झाला की ते पुन्हा कामाला लागतात. म्हणजे फ्रीझर हे डिलीट बटण नाही, पॉझ बटण आहे. पॉझ दाबताना पदार्थ ज्या अवस्थेत असतो, त्याच अवस्थेपासून तो पुढे सुरू होतो.

म्हणून दोन गोष्टी महत्त्वाच्या: बटण किती लवकर दाबलं आणि ते दाबलेलंच राहिलं का.

लवकर का? मांसात बरंचसं पाणी असतं. उणे 1 ते उणे 5 अंशांच्या दरम्यान त्यातल्या बहुतेक पाण्याचा बर्फ होतो. हा टप्पा रेंगाळला तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि मांसाचे तंतू फाडतात. गरम केल्यावर त्या फटींतून रस गळून जातो आणि हातात चोथा उरतो. टप्पा झटपट पार पडला तर स्फटिक बारीक राहतात आणि रस आतच टिकतो.

क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन माणसाने हे 1912 नंतर कॅनडातल्या लॅब्राडोरमध्ये पाहिलं. कडाक्याच्या थंडीत इनुइट लोकांनी पकडलेली मासळी काही क्षणांत गोठायची आणि महिन्यांनंतरही ताजी लागायची. त्यावरून त्याने झटपट गोठवण्याची यंत्रं बनवली आणि 1930 मध्ये स्प्रिंगफिल्डच्या दुकानांत त्याचे फ्रोझन पदार्थ विकायला आले.

इतकं लांब जायचीही गरज नाही. आपल्या तळोजा एमआयडीसीत मासळी गोठवून निर्यात करणारे कारखाने आहेत. कोळंबी सुटी सुटी गोठवायची एक पद्धत या उद्योगात सर्रास वापरतात. लगदा एकत्र गोठवायचा नाही, प्रत्येक नग वेगळा गोठवायचा. न्हावा शेवा बंदरात थंड कंटेनर विजेला जोडून ठेवतात तेही याच कारणाने, पॉझ मध्येच सुटू नये म्हणून. आपल्याला घरी हेच छोट्या प्रमाणात करायचं आहे.

आधी तुमचा फ्रीज तपासा

इथे एक मोठा घोळ होतो. फ्रीजच्या दारावरच्या बीईईच्या लेबलवरचे स्टार विजेच्या बचतीचे असतात. फाइव्ह स्टार फ्रीज म्हणजे जास्त थंड फ्रीज नव्हे. थंडपणाचे स्टार वेगळे. ते फ्रीझरच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये छोट्या चांदण्यांनी दाखवलेले असतात.

- एक चांदणी: उणे 6 अंश, साधारण एक आठवडा
- दोन चांदण्या: उणे 12 अंश, साधारण एक महिना
- तीन चांदण्या: उणे 18 अंश, साधारण तीन महिने

भाड्याच्या खोलीतल्या जुन्या सिंगल डोअर फ्रीजमध्ये बर्फाचा छोटा कप्पा असतो. त्याच्यावर चांदणी सापडली नाही तर आठवडाभरापुरतंच करा. डबल डोअर असेल तर फ्रीझरचं बटण वेगळं असतं, ते कोफ्ते ठेवायच्या काही तास आधी सगळ्यात थंड बाजूला करून ठेवा.

कोफ्ते: मोजमाप आणि कृती

1 किलो चिकन किंवा मटण खिम्यात साधारण 40 कोफ्ते होतात, प्रत्येकी 30 ग्रॅमच्या आसपास. दोघांना एका वेळी आठ धरले तर पाच जेवणं.

साहित्य: 2 मध्यम कांदे अगदी बारीक चिरून आणि पिळून, 2 चमचे आलं-लसूण पेस्ट, 4-5 हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, हळद, मीठ, 2 मोठे चमचे आगरी मसाला किंवा घरात असेल तो तिखट मसाला आणि 6 मोठे चमचे डाळ्याचं पीठ. कांदा पिळायचा कंटाळा करू नका. जास्तीचं पाणी म्हणजे जास्त बर्फ आणि रश्श्यात फुटणारा कोफ्ता. डाळ्याचं पीठ उरलेलं पाणी धरून ठेवतं.

गोळे लिंबाएवढेच करा. गोळा मोठा झाला की मधोमध थंडी पोचायला लागणारा वेळ आकारापेक्षा कितीतरी जास्त वाढतो. आप्पेपात्र असेल तर उत्तम. सगळे एका मापाचे होतात आणि तेलही कमी लागतं. मंद आचेवर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी शिजवा.

कच्चे गोळे गोठवले तर चालत नाहीत का? चालतात, पण घरी शिजवून गोठवणं जास्त सुरक्षित. मांसाच्या अख्ख्या तुकड्यावर जंतू मुख्यतः वरच्या बाजूला असतात. खिमा करताना तेच सगळीकडे मिसळतात, म्हणून कोफ्ता मधोमध शिजायलाच हवा. मटण खिम्याला आतून 71 अंश आणि चिकनला 74 अंश तापमान लागतं. किचन थर्मामीटर असेल तर घाला. नसेल तर प्रत्येक घाण्यातला एक कोफ्ता फोडून पाहा. आत गुलाबी रंग नको, वाफ यायला हवी. रंगावरून खात्री वाटत नसेल तर आणखी चार मिनिटं ठेवा.

गोठवायच्या पाच पायऱ्या

1. पसरून निववा. कोफ्ते ताटात सुटे पसरा आणि पंख्याखाली ठेवा. 5 ते 60 अंश या पट्ट्यात जंतू सगळ्यात जोरात वाढतात. म्हणून दोन तासांच्या आत, आणि मे महिन्यात खोलीचं तापमान 32 अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या आत, ते फ्रीजमध्ये जायला हवेत. "रात्रभर ओट्यावर झाकून ठेवले" हे चालणार नाही.

2. आधी खालच्या कप्प्यात. गरम कोफ्ते थेट फ्रीझरमध्ये गेले तर शेजारच्या वस्तू वितळायला लागतात. अर्धा तास फ्रीजमध्ये थंड करा.

3. स्टीलच्या ताटात सुटे गोठवा. एकाच थरात, एकमेकांना न चिकटता. स्टील उष्णता पटकन ओढून घेतं, प्लॅस्टिकचा डबा तीच अडवतो. तीन-चार तासांत ते दगडासारखे कडक व्हायला हवेत.

4. हवा काढून पिशवीत भरा. झिपलॉक पिशवीत एका जेवणाचे आठ-आठ भरा. पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवून ती पाण्याच्या पातेल्यात तोंडापर्यंत बुडवा. पाण्याच्या दाबाने हवा बाहेर जाते, मग बंद करा. आत हवा राहिली तर बर्फाची थेट वाफ होऊन कोफ्त्यावर पांढरट कोरडे डाग पडतात. खाल्ल्याने अपाय होत नाही, पण चव जाते. फ्रॉस्ट फ्री फ्रीज साचलेला बर्फ वितळवण्यासाठी अधूनमधून गरम होतो, म्हणून त्यात हवाबंद पिशवी आणखी गरजेची.

5. तारीख लिहा. पिशवीवर मास्किंग टेप लावून मार्करने "चिकन कोफ्ते, 8 नग, 12 तारीख" एवढं लिहा. शिवाय फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन महिन्यांनंतरचा रिमाइंडर टाका. रूममेट असतील तर एक शेअर केलेली नोट ठेवा आणि पिशवी काढली की आकडा कमी करा. आधी आलेली आधी बाहेर, म्हणजे सरळ साधी क्यू.

बुधवारी काय करायचं?

कांदा-खोबऱ्याचं वाटण परता, पाणी घाला आणि रस्सा उकळला की गोठलेले कोफ्ते तसेच सोडा. झाकण ठेवून 12 ते 15 मिनिटं उकळू द्या. एक कापून मधोमध कडकडीत गरम आहे का ते पाहा. वाटणही रविवारीच करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं असेल तर सगळं अर्ध्या तासात आटपतं.

वितळवायचेच असतील तर आदल्या रात्री पिशवी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर नाही. ओट्यावर बाहेरचा थर कोमट होतो तेव्हा आतला भाग बर्फच असतो. मायक्रोवेव्हमध्ये वितळवले तर लगेच शिजवा.

वीज गेली तर?

महावितरणचा दुरुस्तीचा मेसेज आला की एकच नियम: दार उघडायचं नाही. बंद फ्रीज साधारण चार तास थंडी धरतो. गच्च भरलेला स्वतंत्र डीप फ्रीझर 48 तास आणि अर्धा भरलेला 24 तास टिकतो. आपल्या फ्रीजवरच्या छोट्या फ्रीझरवर एवढा भरवसा ठेवू नका. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून ठेवा. त्या बर्फ होऊन थंडी धरतात.

खरा धोका वेगळाच आहे. गणपतीला पाच दिवस गावी गेलात, मध्ये वीज गेली आणि परत आली. कोफ्ते वितळून पुन्हा गोठले. तुम्ही परत आल्यावर पिशवी अगदी पहिल्यासारखी दिसणार. वासावरूनही कळेलच असं नाही.

यासाठी सेन्सर विकत घ्यायची गरज नाही. एका वाटीत पाणी गोठवा, वर एक नाणं ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. ते बर्फाच्या मध्ये किंवा तळाशी गेलं असेल तर बर्फ वितळला होता. अशा वेळी कोफ्ते टाकून द्या. पाचशे-सातशे रुपयांच्या खिम्यापेक्षा दवाखान्याचं बिल मोठं असतं.

नेहमीचे प्रश्न

किती दिवस टिकतात? उणे 18 अंशांत चव दोन ते तीन महिने चांगली राहते. त्यानंतर चरबीला खवट वास यायला लागतो, कारण हवेशी होणारी प्रक्रिया गोठवल्यावरही मंदपणे चालू राहते.

वितळलेले पुन्हा गोठवले तर? फ्रीजमध्येच वितळले असतील तर चालतं, चव मात्र उतरते. बाहेर राहिले असतील तर नाही. म्हणूनच आठ-आठच्या पिशव्या करायच्या.

शाकाहारी कोफ्ते? दुधीचे कोफ्ते घट्ट पिळून आणि बेसन घालून केले तर याच पद्धतीने गोठवता येतात. बटाटा जास्त असलेले गोठवू नका, वितळल्यावर पाणी सुटून ते रवाळ होतात.

श्रावणाचं काय? आषाढ संपायच्या आधी फ्रीझरमधला साठा मोजा आणि गटारीपर्यंत संपवा. श्रावणात मोकळी झालेली ताटं आणि पिशव्या दुधीच्या कोफ्त्यांना वापरा.