खुराड्यातली दादागिरी

मुलांनो, तुमच्या घरी कोंबड्या आहेत का? मनोर, विक्रमगड, जव्हारकडच्या पाड्यांवर राहणाऱ्यांना हा प्रश्न विचारायलाच नको. तिथं अंगण म्हटलं की कोंबड्या आल्याच! पण बोईसर-तारापूरला कारखान्यांच्या आसपास चाळीत राहणारी काही कुटुंबंसुद्धा खोलीमागे जाळी लावून चार-पाच गावठी कोंबड्या पाळतात. घरची अंडी खायला मिळतात, उरलेली शेजारी विकता येतात. त्या पैशांतून कधी वह्या येतात, कधी पेन्सिली.

मग तुम्ही हेही पाहिलं असेल. मूठभर कणी टाकली की सगळ्या धावत येतात. पण एक कोंबडी मधोमध ठाण मांडते. जी जवळ येईल तिच्या डोक्यात टक्कन चोच! बाकीच्या बाजूला होतात आणि एखादी बिचारी कोपऱ्यात अंग चोरून उभी राहते. सगळ्यांचं पोट भरल्यावर उरलंसुरलं टिपते. अशा वेळी आपल्याला त्या दांडगट कोंबडीचा राग येतो. पण तिला काठीनं हाकलण्याआधी एका मुलाची गोष्ट ऐका.

दहा वर्षांचा संशोधक

हा मुलगा नॉर्वे देशातला. नाव थोर्लाइफ शेल्डेरुप-एबे. जन्म १८९४ चा. लहानपणापासून त्याला कोंबड्यांचं भारी वेड! दहा वर्षांचा झाल्यावर तो चक्क वहीत नोंदी करू लागला. कोण कोणाला टोचते, कोण कोणाला पाहून पळते, सगळं लिहून ठेवायचा. मोठेपणी त्यानं याच विषयाचा अभ्यास केला आणि १९२२ मध्ये आपलं संशोधन प्रसिद्ध केलं.

काय आढळलं त्याला? कोंबड्यांची भांडणं उगाच, कशीही होत नाहीत. त्यांच्यात एक क्रम ठरलेला असतो. पहिल्या नंबरची कोंबडी सगळ्यांना टोचू शकते. दुसरी कोंबडी पहिलीला सोडून बाकीच्यांना. असं करत करत शेवटचीला मात्र कोणालाच टोचता येत नाही. इंग्रजीत याला 'पेकिंग ऑर्डर' म्हणतात. आपण 'चोचीचा क्रम' म्हणू या. गंमत म्हणजे कधीकधी क्रमाचा गोल फिरतो. तांबडी काळीला टोचते, काळी पांढरीला टोचते आणि पांढरी तांबडीला!

आता तुम्ही म्हणाल, हा कसला अन्याय? पण या क्रमाचा कोंबड्यांना उपयोगही असतो. एकदा नंबर ठरला की रोज दाण्यासाठी लढाई करावी लागत नाही. वरच्या कोंबडीनं नुसती मान उंचावून पाहिलं की खालची बाजूला होते. कोणाला जखम होत नाही. म्हणून दोन-चार चोची मारल्या तर आपण मध्ये पडायचं कारण नाही. पिल्लांची आई जवळ येणाऱ्याच्या अंगावर धावते, खुडूक कोंबडी अंगातली पिसं फुलवून गुरगुरते. तीही दादागिरी नव्हे. एक आपली पिल्लं सांभाळत असते, दुसरी आपली अंडी.

मग काळजी कधी करायची?

एखादी कोंबडी दिवसभर लपून राहते, दाण्याला-पाण्याला येत नाही, तिच्या डोक्यामागची किंवा पाठीवरची पिसं गेलेली दिसतात, तुरा फिका पडतो, अंडी बंद होतात. अशी लक्षणं दिसली की समजावं, प्रकरण क्रमाच्या पलीकडे गेलंय. आणि रक्त दिसलं तर अजिबात थांबायचं नाही. लाल रंग दिसला की इतर कोंबड्याही तिथंच टोचतात. अशानं कोंबडी मरूसुद्धा शकते.

आमच्या शाळेत चौथीत शिकणाऱ्या एका मुलीच्या घरी असंच झालं. तिचं कुटुंब पाड्यावरून बोईसरला राहायला आलं, तेव्हा त्यांनी चार कोंबड्याही बरोबर आणल्या. गावाला त्या दिवसभर वाडीत हिंडायच्या. इथं मात्र सहा फूट लांब आणि चार फूट रुंद जाळी, त्यात एकच परात. पुढे बाजारातून दोन तलंगा आणल्या आणि त्याच दुपारी आत सोडल्या. झालं! चारांतली तांबडी कोंबडी त्यांच्यावर तुटून पडली. घरचे तिला 'फौजदारीण' म्हणू लागले. आठ दिवसांत एका तलंगेच्या मानेवरची पिसं गेली आणि रक्त आलं.

आजी म्हणाली, "येत्या रविवारी फौजदारणीचा रस्सा करू." मुलगी म्हणाली, "आजी, सगळ्यांत जास्त अंडी तीच देते. गावाला तर ती अशी नव्हती!"

किती नेमकं बोलली पाहा. कोंबडी तीच, जागा बदलली होती. गावच्या वाडीत हरलेली कोंबडी पळून चार झाडांपलीकडे जाते, की भांडण मिटतं. जाळीत पळणार कुठं? मारणारी पुन्हापुन्हा समोर येते. आपल्याकडे पावसाळ्यातही हेच होतं. धो धो पावसात कोंबड्या खुराड्यात अडकून पडतात आणि एकमेकींच्या मागे लागतात.

त्यांनी काय केलं?

जखमी तलंगेला जाळीचा एक कोपरा आडोसा घालून वेगळा करून दिला. तिथून तिला बाकीच्या दिसत होत्या आणि त्यांना ती दिसत होती. हे महत्त्वाचं. कोंबड्या एकमेकींना डोक्यावरून, तुऱ्यावरून ओळखतात. फार दिवस नजरेआड गेलेली कोंबडी परत आली की परकी ठरते आणि पुन्हा मार खाते. जखम धुऊन तिच्यावर हळद लावली. (जखम खोल असेल तर मात्र सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठायचा.)

आणि फौजदारीण? तिला ओटीवर डालग्याखाली ठेवलं. दाणा-पाणी वेळच्या वेळी, पण मुक्काम एकटीचा. पाच दिवसांनी तिला जाळीत सोडलं, तेव्हा आतला क्रम बदलला होता. एक काळी, शांत कोंबडी पुढे झाली होती. आता नव्यानं जागा शोधायची पाळी फौजदारणीवर आली. तिनं एक-दोन झटापटी केल्या, पण पूर्वीचा तोरा काही राहिला नाही. मार खाणारीला हलवलं तर मारणारीचा नंबर तसाच राहतो आणि ती पुढचं गिऱ्हाईक शोधते. मारणारीला काही दिवस बाहेर काढलं तर तिचा नंबर डळमळतो. वर्गात भांडण झालं की मार खाणाऱ्याचाच बाक बदलायची आपल्याला घाई होते. तेव्हा ही फौजदारीण जरूर आठवावी!

पण एवढ्यावर भागत नाही. त्या घरानं एका परातीच्या तीन परड्या केल्या आणि एकमेकींपासून लांब ठेवल्या. एक कोंबडी तीन ठिकाणी पहारा कसा करणार? आत एक जुनं पिंप आडवं टाकलं, म्हणजे लपायला आडोसा झाला. बसायला दोन दांड्या बांधल्या. संध्याकाळी तासभर कोंबड्या बाहेर सोडायला सुरुवात केली.

खाण्याकडेही लक्ष हवं. पिसं प्रथिनांची बनलेली असतात. नुसती कणी आणि कोंडा खाणाऱ्या कोंबड्यांना प्रथिनं कमी पडतात, मग त्या एकमेकींची पिसं ओढू लागतात. पाड्यावर त्या किडे, वाळवी उकरून खातात. चाळीत ते कुठून मिळणार? मग थोडी शेंगदाण्याची पेंड किंवा सुकट द्यावी. सातपाटी, डहाणूच्या किनाऱ्यामुळे सुकट आपल्याकडे सहज मिळते. फक्त ती आधी पाण्यात धुऊन घ्यावी, जास्त मीठ कोंबड्यांना बाधतं.

नवी कोंबडी आणली तर थेट आत सोडू नये. आधी काही दिवस वेगळं ठेवून ती आजारी नाही ना ते पाहावं. मग जाळीपलीकडून आठवडाभर ओळख होऊ द्यावी. एकीऐवजी दोघी-तिघींना एकदम सोडलं तर सगळा मार एकीवर पडत नाही. कळपात चांगला कोंबडा असेल तर माद्यांची आपसांतली भांडणंही कमी होतात. आणि काही झालं तरी चोच कापणं, पाय बांधून उलटं टांगणं, काठीनं मारणं असले उपाय करायचे नाहीत. भ्यालेली कोंबडी शहाणी होत नाही, ती जास्तच बिथरते.

तुम्हीही करून पाहा

घरच्या किंवा शेजारच्या कोंबड्यांना नावं द्या. वहीत एक तक्ता आखा. आडव्या ओळीत सगळ्यांची नावं, उभ्या ओळीतही तीच नावं. रोज ठरावीक वेळी दाणे टाका आणि दहा मिनिटं लांब बसून पाहा. कोणी कोणाला टोचलं, तिथं एक रेघ ओढा. आठ दिवसांत पहिला नंबर कोणाचा आणि शेवटचा कोणाचा, ते तुम्हाला सांगता येईल. तुमच्याही खुराड्यात क्रमाचा गोल सापडतो का ते बघा.

त्या शेवटच्या नंबरवालीवर मात्र जास्त लक्ष ठेवा. तिचं पोट भरतंय का, हे पाहणारं तिथं तुमच्याशिवाय दुसरं कोणी नसतं.