देव कोठून आला? फॉयरबाख आणि आगरकर

१७ सप्टेंबरच्या सुमारास विश्वकर्मापूजेला कारखान्यांत यंत्रे पुसून त्यांना हार घालतात. भिलाई-३ मध्ये राहणाऱ्यांना हे सांगायला नको. आता प्रश्न असा: विश्वकर्मा हा देव कारागीरच का? लुडविग फॉयरबाख (१८०४–१८७२) या जर्मन तत्त्वज्ञाच्या विचारातून उत्तर निघते, की कारागिरांनी त्याला कल्पिले म्हणून. माणूस आपलेच कौशल्य स्वतःपासून वेगळे काढतो, त्याला अमर्याद करतो आणि मग त्याच्यापुढे हात जोडतो.

‘ख्रिस्ती धर्माचे सारतत्त्व’ या १८४१ च्या ग्रंथात फॉयरबाखने हाच विचार ख्रिस्ती देवाला लावला. ज्ञान, प्रेम, न्याय हे गुण मानवजातीचे आहेत, पण माणूस ते देवाचे म्हणून ओळखतो. येथे विद्यार्थ्यांचा नेहमी एक घोटाळा होतो. धर्म म्हणजे पुरोहितांची लबाडी, असे फॉयरबाख म्हणत नाही. त्याच्या मते धर्म हे माणसाचे पहिले, आडवळणाचे आत्मज्ञान आहे. तक्रार आहे ती व्यवहाराची: दया देवाची, सामर्थ्य देवाचे, मग माणसाकडे उरते काय? पाप आणि दुबळेपणा. मार्क्सने १८४५ मध्ये यावर आक्षेप घेतला, की माणसाला असा देव हवासा का वाटतो याचे कारण त्याच्या ऐहिक जीवनातील विसंगतीत शोधले पाहिजे. हा आक्षेप मला तरी रास्त वाटतो.

मृत्यू आणि अमरत्व यांवर १८३० मध्ये निनावी लिहिलेल्या पुस्तकामुळे फॉयरबाखला विद्यापीठाचे दार कायमचे बंद झाले. पुढची कित्येक वर्षे तो ब्रुकबर्ग या खेड्यात, पत्नीचा वाटा असलेल्या चिनीमातीच्या कारखान्याच्या आधारावर जगला.

आता पुण्याकडे वळू. गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. त्यांचे वैचारिक गुरू फॉयरबाख नव्हे, तर मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज. ‘देवतोत्पत्ति’ या निबंधात त्यांनी देवाची कल्पना कशी निर्माण झाली याचा शोध घेतला. स्पेन्सरची मांडणी अशी: स्वप्नात मेलेला बाप दिसतो, सावली बरोबर चालते, म्हणून देहाहून वेगळे काही असावे असे आदिमानवाला वाटले, पितरांचे भय आणि आदर यांतून पुढे देव झाले. दोघांतला फरक लक्षात ठेवा. फॉयरबाखच्या लेखी देव हा माणसाच्या मोठेपणाचा आरसा, तर आगरकरांच्या मार्गाने गेल्यास तो अज्ञान आणि भय यांचा वारसा. ईश्वराच्या अस्तित्वाविषयी मात्र आगरकर अज्ञेयवादी होते; त्यांचा खरा रोख आचारावर होता. विधवेचे केशवपन, बालविवाह, सोवळेओवळे या प्रत्येक रूढीला त्यांनी एकच कसोटी लावली: ही बुद्धीला पटते का, आणि हिने माणसाचे सुख वाढते का? ‘शास्त्रात आहे’ हे उत्तर त्यांनी पुरेसे मानले नाही. सुधारणेसाठी शास्त्रवचनांचा आधार शोधणाऱ्या सुधारकांपासून ते इथेच वेगळे पडतात.

याची किंमत टिळकांच्या मैत्रीने मोजावी लागली. कोल्हापूर प्रकरणी १८८२ मध्ये दोघे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकरच. पण आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी समाजसुधारणा, यावरून मतभेद वाढले. १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. सनातन्यांनी पुण्यात त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. ‘आमचे प्रेतसंस्कार’ लिहिणाऱ्या माणसाला ती कशी दिसली असेल?

१८९२ पासून ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. दम्याने ते खंगत गेले आणि १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षेही पुरी होण्याआधी, वारले. अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून उशाशी ठेवले होते, असे सांगतात.