निलंग्याच्या सुरसुंदरीपासून लग्नाच्या बायोडाट्यापर्यंत

देहप्रतिमा म्हणजे स्वतःच्या शरीराविषयी व्यक्तीच्या मनात तयार झालेले चित्र. ते आरशापेक्षा भोवतालच्या बोलण्यातून अधिक घडते. लातूर परिसरात हे बोलणे काळाप्रमाणे बदलत गेले, मात्र ज्या बाईच्या देहाविषयी ते चाले तिचे मत त्यात क्वचितच विचारले गेले. निलंग्याच्या नीलकंठेश्वर मंदिरावर उत्तर चालुक्य काळातील सुरसुंदरी, म्हणजे देवालयाच्या भिंतींवर कोरलेल्या अप्सरासदृश स्त्रिया, भरदार अंगाच्या आहेत. अशा शिल्पांचा दाखला देऊन पूर्वी सर्व देह मान्य होते असे सांगितले जाते, पण ते पटत नाही. कारण त्यांची कंबर एकजात बारीक असून, बांधा बदलला तरी साचा तेव्हाही एकच होता.

अवर्षणाच्या या मुलखात अंगाने भरलेली सून 'खात्यापित्या घरची' ठरे, तर हडकुळ्या मुलीच्या माहेरची गरिबी तिच्या मनगटावरून जोखली जाई. 1972 च्या दुष्काळात हजारो बायका खडी फोडायला गेल्या. तिथे देहाला किंमत होती ती कष्टापुरती. पुढे फोटो आणि बायोडाटा आले, 'गोरी, सडपातळ' ही अट छापील झाली आणि एकेकाळी कौतुकाचा असलेला भरदार बांधा मुलीकडच्यांनी दबक्या आवाजात सांगण्याची बाब बनला.

या अटीमागचा व्यवहार 2017 मध्ये उघडा पडला. राज्य मंडळाच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात मुलीची कुरूपता व अपंगत्व ही हुंडा वाढण्याची कारणे म्हणून दिली होती, त्यावर फेब्रुवारीत टीकेची झोड उठली आणि तत्कालीन शिक्षणमंत्री विनोद तावडे यांनी तो मजकूर वगळण्याचे जाहीर केले. दोनच महिन्यांनी लातूर तालुक्यातील भिसे वाघोलीत एका शेतकऱ्याच्या तरुण मुलीने लग्नाच्या खर्चाच्या विवंचनेतून जीव दिला. तिथे प्रश्न रूपाचा नव्हता, पण मुलीला ओझे मानणारा बाजार तोच होता. पुस्तकाने रूढी नोंदवली हे खरे, मात्र दोष मागणाऱ्याच्या पदरात न टाकता मुलीच्या चेहऱ्यावर टाकला.

पडद्यावर 2016 च्या 'वजनदार' चित्रपटाने आणि 2020 मध्ये सुरू झालेल्या 'सुंदरा मनामध्ये भरली' या मालिकेने जाड नायिका मध्यवर्ती आणली, ही मोठीच गोष्ट. तरीही तिचे वजन हाच कथेचा विषय राहिला. वजनाचा उल्लेखही न होता जाड बाई डॉक्टर वा सरपंच म्हणून वावरताना अजून फारशी दिसत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 20.8 टक्के स्त्रियांचा देहभारांक, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, 18.5 हून कमी आणि 23.4 टक्क्यांचा 25 किंवा त्याहून अधिक आढळला. यातील कुपोषण आणि आजार यांवर उपचार व्हायलाच हवेत, पण ते काम दवाखान्याचे आहे, पाहुण्यांचे नव्हे. वधू-वर मेळावे भरवणाऱ्या मंडळांनी निदान आपल्या अर्जातील वर्ण आणि बांध्याचे रकाने काढून टाकावेत.