चारीतील पाण्याची खोली : ‘आर’ भाषेत समीकरणाचे मूळ कसे शोधावे?

तमिळनाडूतील कुंभकोणमजवळचे तिरुक्करुगावूर हे गाव कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, वेट्टार नदीकाठी वसले आहे. या प्रदेशात प्रथेनुसार 12 जूनच्या सुमारास मेट्टूर धरणाचे पाणी सोडले जाते आणि ‘कुरुवै’ भाताचा हंगाम सुरू होतो. तत्पूर्वी चाऱ्यांची सफाई का आवश्यक असते, हे गणिताने दाखवता येते. हीच रीत महाराष्ट्रातील लाभक्षेत्रांनाही लागू पडते.

चारीतील प्रवाहासाठी रॉबर्ट मॅनिंग यांचे सूत्र वापरतात. पाण्याची खोली ठाऊक असल्यास त्यावरून विसर्ग थेट मिळतो. प्रत्यक्षात मात्र प्रश्न उलट असतो : ठरावीक विसर्ग सोडल्यास पाणी किती चढेल? खोली ही प्रवाहाचे क्षेत्रफळ व ओली परिमिती या दोहोंत गुंतलेली असल्याने सूत्र सरळ उलटवता येत नाही. अशा वेळी समीकरणाचे मूळ शोधावे लागते.

उदाहरणादाखल मातीची एक चारी घेऊ. तळाची रुंदी 0.6 मीटर, बाजूंचा उतार 1:1, तळाचा उतार हजार मीटरला एक मीटर, खरबरीतपणाचा गुणांक 0.025 आणि विसर्ग सेकंदाला 150 लिटर. खोली 30 सेंमी धरल्यास विसर्ग सुमारे 111 लिटर येतो, 40 सेंमी धरल्यास 190 लिटर. म्हणजे उत्तर या दोहोंमध्ये आहे. मधल्या 35 सेंमीला 148 लिटर येतात. म्हणून उत्तर 35 ते 40 सेंमीमध्ये असते. असे अंतर निम्मे-निम्मे करीत गेल्यास 35.2 सेंमी हे उत्तर मिळते.

‘आर’ या संख्याशास्त्रीय भाषेत हे काम ‘युनिरूट’ हे फंक्शन अधिक वेगवान पद्धतीने करते. परंतु ते एकच राशी बदलत राहते. म्हणून फंक्शनच्या आत फंक्शन लिहितात. बाहेरील फंक्शन रुंदी, उतार, गुणांक व अपेक्षित विसर्ग स्वीकारते. आतील फंक्शन केवळ खोली स्वीकारते, उर्वरित राशी बाहेरील फंक्शनमधून घेते आणि काढलेला विसर्ग वजा अपेक्षित विसर्ग परत देते. ही वजाबाकी जेथे शून्य होते, तीच खोली. शोधाच्या दोन्ही टोकांना वजाबाकीची चिन्हे परस्परविरुद्ध असली पाहिजेत, येथे 0.1 व 1 मीटर ही टोके चालतात. टोके 0.4 व 1 मीटर दिल्यास दोन्हीकडे उत्तर धन येते आणि ‘युनिरूट’ त्रुटी दाखवते.

या रचनेमुळे एकच राशी बदलून परिणाम लगेच पाहता येतो. चारी गवताने दाटली असून गुणांक 0.05 आहे, असे मानल्यास त्याच विसर्गासाठी खोली 50.6 सेंमी होते. बांध 45 सेंमी उंच असेल, तर स्वच्छ चारीत सुमारे 10 सेंमी उंची मोकळी राहते. गवताळ चारीत मात्र पाणी बांधावरून वाहते आणि शेवटच्या शेतापर्यंत ते पुरेसे पोहोचत नाही. आवर्तनापूर्वी प्रत्यक्ष मापे घेऊन हे गणित केल्यास बांध आधी उंचवावा की चारी आधी साफ करावी, हे ठरविणे सुलभ होते.