पूल : हौशी खेळाडूची नोंदवही

पूल, स्नूकर किंवा बिल्यर्ड्‌झ हे खेळ करमणुकीसाठी खेळणाऱ्या व्यक्तीने आपल्या डावांचे निकाल आणि खेळापायी होणारा खर्च यांची तारीखवार ठेवलेली नोंद. व्यावसायिक खेळाडूंचे निकाल स्पर्धांचे संयोजक जपून ठेवतात. हौशी खेळाडूच्या बाबतीत ही जबाबदारी कोणाचीच नसते. त्यामुळे आपण किती चांगले खेळतो व त्यासाठी किती पैसे मोजतो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तो बहुधा स्मरणावरून देतो, आणि ती सहसा चुकीची असतात.

या खेळाचा पैशाशी असलेला संबंध त्याच्या नावातच आहे. ‘पूल’ हा शब्द मूळ फ्रेंच असून पत्त्यांच्या डावात सर्वांनी मिळून मध्ये ठेवलेल्या रकमेस उद्देशून तो वापरला जाई. एकोणिसाव्या शतकातील ‘लाइफ पूल’ या प्रकारात प्रत्येक खेळाडूस वेगळ्या रंगाचा चेंडू व ठराविक ‘जीव’ मिळत. जीव गमावणाऱ्यास दंड भरावा लागे आणि अखेरपर्यंत टिकणाऱ्यास जमलेली रक्कम मिळे. अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतींवर पैजा स्वीकारणाऱ्या जागांना ‘पूलरूम’ म्हणत. तेथे गिऱ्हाइकांचा वेळ जावा म्हणून बिल्यर्ड्‌झची टेबले मांडली गेली आणि कालांतराने त्या जागेचे नाव खेळास चिकटले.

स्नूकरचा उगमही याच कुळातला आहे. सर नेव्हिल चेंबर्लेन या लष्करी अधिकाऱ्याने (याच नावाच्या ब्रिटिश पंतप्रधानाशी त्याचा संबंध नाही) १८७५ मध्ये जबलपूर येथील छावणीत, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या पूलच्या प्रकारात आणखी रंगीत चेंडूंची भर घालून हा खेळ सुरू केला, असे मानले जाते. १८८० नंतरच्या काळात उटकमंड येथील क्लबात त्याचे नियम निश्चित झाले. जबलपूर हे १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतातील गाव आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी, नागपुरातील सी. पी. क्लबच्या नावात तो प्रांत अद्याप टिकून आहे. म्हणजे स्नूकरचे जन्मस्थान नागपूरकरांच्या एके काळच्या प्रांतातलेच. मात्र या जन्मकथेचा मुख्य आधार चेंबर्लेनने स्वतः १९३८ मध्ये, सु. साठ वर्षांनंतर, लिहिलेले पत्र हा आहे. त्या संध्याकाळी कोणी वही ठेवली नव्हती.

ब्रिटिश अमदानीतील क्लबांत नोंदीचे काम मार्कर करीत असे. भिंतीवरील गुणफलकाचे काटे सरकविणे, चेंडू मांडणे, काठीला खडू लावून देणे आणि नवशिक्या सभासदास दोन गोष्टी शिकविणे ही त्याची कामे होती. टेबलाचे भाडे सभासदाच्या खात्यावर चढे आणि महिन्याच्या अखेरीस बिल हाती येई. खर्च किती झाला, हे अशा रीतीने न मागता कळत असे. भारतात बिल्यर्ड्‌झ दीर्घकाळ क्लबांच्या आश्रयाने वाढला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ व १९६४ मध्ये हौशी बिल्यर्ड्‌झचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. मुंबईचे मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ व १९८३ मध्ये ते जिंकले, तसेच १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी एका खेपेत १,१४९ गुण केले. अशा आकड्यांना अर्थ आहे तो ते त्याच वेळी लिहून ठेवले गेले म्हणून.

पुढे तासावर किंवा डावावर टेबल भाड्याने देणारी बिल्यर्ड्‌झगृहे शहरोशहरी निघाली आणि हा खेळ विद्यार्थी, दुकानदार व नोकरदार यांच्या आवाक्यात आला. नागपूरही त्यास अपवाद नाही. येथे मार्करही नाही आणि मासिक बिलही नाही. पैसे जागच्या जागी चुकते होतात. त्यात ‘हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यावेत’ हा रिवाज रूढ असल्याने निकाल व खर्च एकमेकांत गुंतले आहेत. २०१६ नंतर मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाली आणि खर्चाचा काही माग बँकेच्या खात्यात राहू लागला. परंतु टेबलाचे भाडे, चहा-नाश्ता व मित्राला दिलेली पैजेची रक्कम यांतील भेद त्या खात्यावरून कळत नाही.

स्मरण अपुरे का पडते, याचे कारण केवळ विसराळूपणा नव्हे. टॉमस गिलोविच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये क्रीडास्पर्धांवर पैजा लावणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पराभव विसरले जातात ही सर्वसाधारण समजूत त्यात खरी ठरली नाही. लोक पराभवाविषयी विजयापेक्षा अधिक बोलत, पण ते बोलणे त्याचे स्पष्टीकरण देण्यासाठी असे. विजय मात्र ते विनातक्रार स्वतःच्या खाती जमा करीत. काळा चेंडू खिशाच्या तोंडाशी येऊन थांबला, हे पूलच्या खेळाडूचे नेहमीचे वाक्य याच जातीचे आहे. वहीत तो डाव ‘हार’ एवढाच लिहिला जातो.

नोंदीत तारीख, स्थळ, प्रतिस्पर्धी, खेळाचा प्रकार, जिंकलेले व हरलेले डाव आणि दिलेली वा घेतलेली सवलत एवढे तरी असावे. प्रकार वेगळा लिहिणे अत्यावश्यक आहे. स्नूकरचे टेबल सु. ३·६६ मी. लांब व १·८३ मी. रुंद असते, चेंडू २२ व प्रत्येकी ५२·५ मिमी. व्यासाचे, पूलचे स्पर्धेसाठीचे टेबल सु. २·७४ मी. लांब असून त्यावरील चेंडू ५७ मिमी.हून किंचित मोठे असतात. एकावरील यशाची दुसऱ्यावरील यशाशी बेरीज करणे निरर्थक होय. सवलतीचेही तसेच : वीस गुण आगाऊ घेऊन जिंकलेला स्नूकरचा डाव बरोबरीच्या डावाशेजारी खुणेशिवाय लिहिल्यास वही खोटी होते. नागपुरात हवामानाचीही एखादी ओळ घालणे उपयुक्त ठरते. कापड दमट झाले की चेंडू मंदावतात आणि कडांवरून वेगळ्या कोनात परततात. हा फरक पावसाळ्यात जाणवतोच. पण उन्हाळ्यात पाण्याने भिजणाऱ्या ताट्यांचे कूलर दिवसभर चालणाऱ्या खोलीतही तो जाणवतो, हे बाहेरील खेळाडूच्या सहसा ध्यानी येत नाही.

निकालांचा अर्थ लावताना संख्येचे भान ठेवावे लागते. दोन अगदी समबल खेळाडू २५ डाव खेळले, तर त्यांपैकी ठराविक एकजण १५ किंवा अधिक डाव जिंकण्याची संभाव्यता सु. २१ टक्के असते. म्हणजे केवळ योगायोगाने पाचांतून एकदा तसे घडेल. शंभर डावांत ६० किंवा अधिक जिंकण्याची संभाव्यता मात्र सु. ३ टक्केच उरते [→ संभाव्यता सिद्धांत]. टक्केवारी दोन्हीकडे साठच, पण पहिलीवरून काहीच सिद्ध होत नाही व दुसरीकडे दुर्लक्ष करता येत नाही. महिन्याभरातील पाचपन्नास डावांवरून आपण सुधारलो किंवा घसरलो, असे ठरविणे म्हणूनच घाईचे होय. सामन्याच्या लांबीचाही असाच परिणाम होतो. प्रत्येक डाव जिंकण्याची संभाव्यता ५५ टक्के असलेला खेळाडू तीन डावांचा सामना सु. ५७ टक्के वेळा, तर नऊ डावांचा सु. ६२ टक्के वेळा जिंकतो. सरस खेळाडूने लांब सामना मागावा व दुबळ्याने आखूड, ही बिल्यर्ड्‌झगृहातील जुनी समज गणिताला धरूनच आहे.

नुसती विजयांची टक्केवारी प्रतिस्पर्ध्याचे बळ सांगत नाही. बुद्धिबळात ही अडचण हंगेरीत जन्मलेले अमेरिकन भौतिकीविज्ञ आर्पाड एलो यांच्या गुणांकन पद्धतीने दूर केली. जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती १९७० मध्ये स्वीकारली. पूलसाठी त्याच तत्त्वावर ‘फार्गो’ गुणांकन तयार झाले असून त्यात १०० गुणांचा फरक म्हणजे वरचढ खेळाडूने जिंकलेल्या दर दोन डावांमागे दुसऱ्याचा एक डाव. असे गुणांकन उपलब्ध नसेल, तर प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे पान वेगळे ठेवल्यानेही बरेच काम भागते. दुबळ्या सोबत्यांना हरवून वाढविलेली टक्केवारी त्या पानांवर ताबडतोब उघडी पडते.

खर्चाच्या बाजूस टेबलाचे भाडे हा सर्वांत मोठा व दिसणारा भाग. त्याखेरीज प्रवास, खाणेपिणे, खडू, हातमोजा, काठीचे टोक बदलणे यांचे पैसे होतात. काठीची किंमत एकाच महिन्यात मांडणे योग्य नव्हे. ६,००० रुपयांची काठी पाच वर्षे वापरावयाची असेल, तर दरमहा १०० रुपये धरणे हा हिशेबाचा रीतसर मार्ग आहे. एकूण खर्चास प्रत्यक्ष खेळलेल्या तासांनी भागले असता करमणुकीची खरी किंमत मिळते आणि ती चित्रपट वा अन्य छंदांशी ताडून पाहता येते.

पैज आली की हिशेब फसवा होऊ लागतो. समजा, एका डावाचे भाडे १०० रुपये असून ते हरणारा देतो आणि शिवाय डावावर ५० रुपयांची पैज आहे. जिंकणाऱ्यास ५० रुपये मिळतात, हरणाऱ्याचे १५० जातात. शंभरांतून ६० डाव जिंकणारा खेळाडू ३,००० रुपये मिळवितो व ६,००० गमावतो. म्हणजे स्पष्टपणे सरस असूनही तो ३,००० रुपयांनी खाली जातो, आणि त्याचा प्रतिस्पर्धी ७,००० रुपयांनी. दोघांच्या तुटीची बेरीज १०,००० ही नेमकी टेबलाच्या भाड्याइतकी आहे. पैजेचे पैसे दोघांत फिरतात, भाडे मात्र बाहेर जाते. या अटींवर नुसती बरोबरी साधण्यासाठी १०० पैकी ७५ डाव जिंकावे लागतात. पैज १०० रुपयांची केल्यास हे प्रमाण सु. ६७ वर व २०० रुपयांची केल्यास ६० वर येते. पैज वाढविण्याचा मोह येथूनच उद्‌भवतो. परंतु त्याबरोबर एका वाईट संध्याकाळी गमवावी लागणारी रक्कमही वाढते, आणि आपण खरोखरच ६० टक्के डाव जिंकतो की नाही, हे तर शेकडो डावांच्या नोंदीशिवाय कळतच नाही. ज्यांनी ती नोंद ठेवलेली नसते, त्यांनाच त्याविषयी सर्वाधिक खात्री असते. म्हणून पैजेचा रकाना भाड्याच्या रकान्यापासून वेगळा असावा. ‘आज टेबलाचे पैसे सुटले’ या वाक्यात दोन्ही मिसळलेले असतात.

कायद्याच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात लागू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक अधिनियमातून केवळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत. खेळाच्या निकालावर लावलेल्या पैजेची गोष्ट निराळी. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम ३० अन्वये पैजेचा करार शून्य ठरतो व जिंकलेली रक्कम दावा करून वसूल करता येत नाही. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याने पुढील आठवड्यात देतो म्हणून सांगितलेली रक्कम जमेच्या बाजूस मांडू नये; ती हाती पडेल त्या तारखेसच लिहावी.