आपला आवाज, शेजाऱ्याचा हक

2024 चा मार्च महिना. आमच्या थोरल्याची दहावीची परीक्षा नुकतीच सुरू झाली होती. रात्री साडेअकराला तो भूमिती घेऊन बसला, की वरच्या मजल्यावर खुर्ची ओढल्याचा आवाज यायचा. मग भांडे पडायचे, पुन्हा खुर्ची. आम्ही दोनतीनदा झाडूच्या दांड्याने छताला ठोकले. दुसऱ्या दिवसापासून वरच्या वहिनी जिन्यात भेटल्या तरी बोलेनाशा झाल्या. आवाज मात्र तसाच राहिला.

शेवटी रविवारी सकाळी आम्ही दोघे वर गेलो. "वहिनी, मुलाची परीक्षा आहे, थोडी मदत करा," एवढेच म्हणालो. तेव्हा कळले, की त्यांचे पती दुसऱ्या पाळीत कामाला आहेत. घरी यायला सव्वाअकरा होतात, मग जेवण. दिवसभर राबून आलेल्या माणसाने जेवू नये, असे कोणत्या तोंडाने म्हणणार? झाडूच्या दांड्याबद्दल माफी मागितली आणि खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या आणून दिल्या. आवाज पूर्ण थांबला नाही, पण सोसण्याइतका झाला. एकदा कारण कळले, की तोच आवाज कानाला कमी टोचतो, हेही त्या दिवसांत समजले.

पण खरा धडा पुढेच होता. ईदला खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे शीरखुर्मा घेऊन गेलो. त्यांची सून सहज बोलून गेली, "चार वाजता तुमचा मिक्सर लागला, की आईंना जाग यायची, पुन्हा झोप नाही. पण महिनाभराचाच प्रश्न आहे, काही बोलू नकोस, असे त्यांनीच मला बजावले होते."

आम्ही खाली मान घातली. वरच्यांची खुर्ची आम्हाला रोज ऐकू येत होती, आमचा मिक्सर आम्हाला एकदाही ऐकू आला नव्हता. शेजाऱ्याच्या हकाबद्दल जिब्रील (अलैहिस्सलाम) यांनी इतकी ताकीद केली, की आता शेजाऱ्याला वारसाही ठरवतील असे प्रेषित (सल्ल.) यांना वाटू लागले, ही हदीस आम्ही वर्गात किती वेळा सांगितली असेल! काकूंनी ती न ऐकताच पाळली होती.

फ्लॅटमध्ये आवाज दोन वाटांनी जातो. टीव्ही, बोलणे हवेतून, दारे-खिडक्यांतून जाते. खुर्ची, खलबत्ता, मिक्सर यांचा धक्का स्लॅब आणि खांबांतून पसरतो. म्हणूनच कधीकधी दोन मजले सोडून झालेला आवाज अगदी डोक्यावरच झाल्यासारखा वाटतो. तेव्हा कुणाचे दार वाजवण्याआधी आवाज नक्की कुठून येतो, याची खात्री करावी.

आता आम्ही सहरीची चटणी रात्री दहाच्या आत वाटून ठेवतो. मिक्सरखाली जाड टॉवेलची घडी असते. वॉशिंग मशीन रात्री लावत नाही. मुले खेळतात तिथे सतरंजी अंथरली आहे. घरात मोठे काम काढायचे असेल, तर ड्रिल कधी चालेल हे वर, खाली आणि समोर आधी सांगून येतो.

एवढे करूनही समोरचा ऐकत नसेल तर? सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी अर्ज द्यावा, त्यात तारीख आणि वेळ लिहावी. ध्वनी प्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. मध्यरात्री मोठमोठ्याने गाणी वाजत असतील, तर 112 वर फोन करता येतो. सब्र म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे नव्हे. पण खुर्चीच्या आवाजासाठी पोलीस बोलावले, तर त्यानंतरही त्याच जिन्यातून रोज ये-जा करायची असते, हे विसरू नये.

यंदा रमजानपूर्वी आम्ही काकूंकडे जाऊन विचारले, "गेल्या वर्षी आवाज आला का?" त्या हसून म्हणाल्या, "मिक्सरचा नाही आला. पण तुमच्या मोबाईलचा गजर अजून ऐकू येतो हो!"

त्या दिवसापासून मोबाईल उशीखाली असतो.