सर्व्हरची रॅम भरलेली दिसतेय? कॅश पुसण्याआधी हे तपासा

६४ जीबी रॅमचा लिनक्स सर्व्हर आणि ‘फ्री’ रकान्यात जेमतेम १ जीबी! हे पाहून अनेक जण नवी रॅम मागवायला निघतात. बऱ्याचदा तिची गरज नसते.

लिनक्स मोकळी रॅम पडून राहू देत नाही. डिस्कवरून वाचलेली फाइल मेमरीत राखून ठेवली जाते, म्हणजे ती पुन्हा लागली तर डिस्कपर्यंत जावे लागत नाही. हार्ड डिस्कला एका वाचनासाठी काही मिलिसेकंद लागतात, रॅमचे काम नॅनोसेकंदांत होते. हीच ‘पेज कॅश’. एखाद्या प्रोग्रामला जागा हवी असेल, तर यातली बरीचशी लगेच मोकळी होते. त्यामुळे ‘फ्री’ नव्हे, ‘अव्हेलेबल’ हा आकडा पाहायचा. २०१४ मध्ये आलेल्या ३.१४ कर्नलपासून तो थेट मिळतो.

मग सर्व्हर मंद का होतो?

बहुतेकदा गडबड रात्री होते. बॅकअप शेकडो जीबी फाइली एकदाच वाचतो. त्या परत लागणार नसतात, पण कॅशमध्ये गर्दी करतात. त्यांना जागा देताना रात्री निवांत असलेल्या डेटाबेसची मेमरी डिस्कवर, म्हणजे स्वॅपमध्ये ढकलली जाऊ शकते. सकाळी काम सुरू होताच पहिले ग्राहक ताटकळतात. आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्सवरही हीच डोकेदुखी होती. ६.१ आवृत्तीत मूळ सेटिंगच बदलले: जागा हवी असेल तर शक्यतो फाइल कॅशमधूनच काढायची.

लिनक्समध्ये हा कल ‘स्वॅपिनेस’ ठरवते. मूळ आकडा ६०. डेटाबेस सर्व्हरवर अनेक जण तो १० किंवा १ ठेवतात. शून्य मात्र जपून. ३.५ कर्नलपासून शून्य म्हणजे स्वॅप जवळपास बंद. मेमरी खरोखर संपली, तर कर्नल एखादा प्रोग्राम थेट बंद पाडतो आणि सर्वाधिक मेमरी खाणारा म्हणून बळी बहुधा डेटाबेसचाच जातो.

दर तासाला ‘ड्रॉप कॅशेस’ चालवणारी स्क्रिप्ट हा उपाय नव्हेच. कॅशची वाढ रोखण्यासाठी ही सोय नाही, असे कर्नलच्या माहितीपत्रकातच लिहिले आहे. पुसलेल्या फाइली लगेच पुन्हा डिस्कवरून वाचाव्या लागतात, एवढेच.

आधी ‘व्हीएमस्टॅट’ची आज्ञा देऊन ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे स्वॅपचे दोन रकाने पाहावेत, तेही बॅकअप सुरू असताना आणि सकाळच्या गर्दीत. दोन्ही वेळी ते शून्याच्या आसपास असतील, तर दुखणे दुसरीकडे आहे.